आधी दोरी, मग बंदर: बुद्धी वाढवणाऱ्या आभासी जगाची रचना

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चार विद्यार्थ्यांना माणसाच्या पातळीची कृत्रिम बुद्धी हळूहळू वाढू शकेल असे आभासी जग तयार करायचे आहे, आणि ते कसे असावे असे त्यांनी मला पत्राने विचारले आहे. मिरकरवाडा बंदराची हुबेहूब त्रिमिती प्रतिकृती करावी असा त्यांचा बेत आहे. त्यासाठी ड्रोनने छायाचित्रे घेण्याची तयारीही झाली आहे, आणि अशा जगात सोडलेला एजंट, म्हणजे स्वतः कृती करून शिकणारा संगणक-प्रोग्राम, बंदरावरचे व्यवहार पाहून, करून शहाणा होईल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी गेली अठरा वर्षे सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या जगाची संगणकावर नक्कल करणाऱ्या प्रणाली, बनवतो. सुरुवातीची काही वर्षे जहाज हाताळणीच्या प्रशिक्षणासाठी बनवले, नंतर यंत्रमानवांच्या हातांसाठी. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर त्यांनाच उद्देशून लिहीत आहे.

माझे मत आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. संपूर्ण बंदराची प्रतिकृती करू नका. भाट्याच्या पुळणीचा पन्नास मीटरांचा एक तुकडा घ्या. त्यात ओली आणि कोरडी वाळू, चढणारे-उतरणारे पाणी, एक लहान होडी, काही काठ्या, करवंट्या, दगड, एक जाळे आणि भरपूर दोरी ठेवा, आणि या मोजक्या वस्तू एकमेकींना खऱ्यासारखे उत्तर कसे देतील यावर वर्षभराचे सगळे श्रम खर्च करा. बंदराचा विस्तार मोठा आहे, पण एवढ्या अवधीत तुमच्या हाती त्याचे फक्त कातडे येईल. होड्या दिसतील, पण त्यांचे दोर कोणाला सोडता येणार नाहीत. मासळीचे ढीग दिसतील, पण खालचा एक बांगडा ओढून काढला तर वरचे घसरणार नाहीत. अशा जगात एजंट फार लवकर शिकायचा थांबतो, कारण तिथे शिकण्यासारखे काही उरलेलेच नसते. हे मी एकापेक्षा अधिक प्रकल्पांत पाहिले आहे.

यंत्राला मुलासारखे वाढवावे ही कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्राचा पाया घालणारे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० च्या आपल्या निबंधात प्रौढ मनाची नक्कल करण्याऐवजी बालमनाची नक्कल करून त्याला शिकवावे असे सुचवले होते. प्रौढ मन कशाकशातून घडते हे सांगताना त्यांनी तीन घटक मांडले: जन्मावेळची मनाची स्थिती, मिळालेले शिक्षण, आणि ज्याला शिक्षण म्हणता येणार नाही असा इतर अनुभव. पहिल्या दोन घटकांवर पुढे पुष्कळ काम झाले. तुमचा प्रश्न तिसऱ्या घटकाचा आहे. कोणी शिकवत नसताना मूल पाण्यात दगड टाकते, वाळूत खळगा खणते, ओली दोरी चोखते, आणि त्यातून जे जमा होते ते यंत्राला कुठून मिळायचे, हा तो प्रश्न आहे.

ते नुसते पाहून मिळत नाही. १९६३ मध्ये रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजरीच्या पिल्लांच्या जोड्यांवर एक प्रयोग केला. एका फिरत्या दांडीच्या एका टोकाला जोडलेले पिल्लू स्वतःच्या पायांनी चालत असे आणि दुसऱ्या टोकाच्या पाळण्यात बसलेले पिल्लू त्या चालण्यामुळे आपोआप फिरत असे. दोघांच्या डोळ्यांपुढून जवळजवळ सारखेच दृश्य जात होते. तरीही चालणाऱ्या पिल्लाला खोलीचा अंदाज येऊ लागला, आणि पाळण्यातल्या पिल्लाला तो नीट येईना. तुमच्या ड्रोनच्या छायाचित्रांतून घडलेले बंदर एजंटाला त्या पाळण्यात बसवणारे ठरेल, अशी मला भीती वाटते. दृश्याची गुणवत्ता वाढवण्यापूर्वी आपल्या कृतीला जग काय उत्तर देते हे त्याला कळण्याची सोय करा. बोटांना जाणवणारा ताण, तळहाताला लागणारा खरखरीतपणा, हातातल्या वस्तूचे वजन, पायाखाली खचणारी वाळू, या संवेदनांना मी कॅमेऱ्याच्या बारकाव्यापेक्षा वरचे स्थान देतो. डोळा अंधूक असला तरी पुष्कळ शिकता येते.

आता वस्तूंकडे वळू. या क्षेत्रातली सर्वांत प्रसिद्ध आभासी खोली ठोकळ्यांची आहे. टेरी विनोग्राड यांनी १९६८ ते १९७० या काळात एमआयटीमध्ये श्रडलू हा प्रोग्राम लिहिला. टेबलावरचे रंगीत ठोकळे, पिरॅमिड आणि पेटी यांच्याविषयी तो इंग्रजीतून सूचना घेई, प्रश्नांना उत्तरे देई आणि आपण अमुक ठोकळा का हलवला याचे कारणही सांगे. त्या काळात ते थक्क करणारे होते. पण ते जग इतके नीटनेटके होते की त्यातले सगळे ज्ञान मोजक्या नियमांत मावत असे, आणि तिथले कौशल्य टेबलाबाहेर नेता आले नाही. ठोकळा वाकत नाही, भिजत नाही, गुंतत नाही, अर्धा तुटत नाही. पुढे कृत्रिम बुद्धीचे संशोधक बेन गोर्टझेल यांनी ठोकळ्यांच्या जोडीला मणी असावेत, त्यांच्यापासून दोऱ्या, कापड आणि ओघळणारे पदार्थ घडवता यावेत, असा विचार मांडला. त्याची दिशा मला योग्य वाटते.

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांचे जग असलेल्या संगणकीय खेळाचा उल्लेख तुमच्या पत्रात आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये मालमो प्रकल्पाद्वारे ते जग संशोधकांना खुले केले, आणि २०२३ मध्ये ड्रीमर या प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीने माणसांच्या खेळाची उदाहरणे न पाहता तिथे हिरा मिळवून दाखवला. लांब पल्ल्याचे नियोजन अभ्यासण्यासाठी ते जग उत्तम आहे. पण तिथे झाडाचा बुंधा मधून तोडला तर वरचा भाग हवेत लटकत राहतो, आणि अवजार बनवायचे म्हणजे ठरलेल्या चौकटीत ठरलेले तुकडे मांडायचे. कुऱ्हाड का कापते हे त्या जगालाच ठाऊक नाही. कुऱ्हाडीच्या नावापुढे एक आकडा लिहिलेला असतो एवढेच. कृतींचे तक्ते पाठ झाले की ते जग संपते. तुमच्या पुळणीवर करवंटीच्या नावापुढे ‘यात पाणी भरता येते’ अशी खूण करण्याचा मोह होईल, तो टाळा. करवंटीला खोलगट आकार द्या, पाण्याला पाण्यासारखे वागू द्या, आणि भरणे हे त्या दोहोंच्या भेटीतून घडू द्या. मग त्याच करवंटीने वाळू उकरता येईल, ती पालथी घालून तिच्याखाली खेकडा कोंडता येईल, काठी बांधून तिची डवली करता येईल, आणि यांतले काहीही तुम्ही आधी लिहून ठेवलेले नसेल. वस्तूचे सगळे उपयोग बनवणाऱ्यालाही मोजून सांगता येत नसतील, तर ते जग बुद्धीला पुरेल.

दोरीवर मी एवढा भर का देतो, ते सविस्तर सांगतो. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. सैल असताना ती जवळपास निरुपयोगी असते, आणि ताण येताच दूरची होडी हलवते. म्हणजे कारण आणि परिणाम यांच्यामध्ये जे अंतर असते ते ती डोळ्यांना दाखवते. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी तान्ह्या मुलांचे निरीक्षण करताना दोरी ओढून तिच्या टोकाची वस्तू जवळ आणण्याच्या कृतीला महत्त्व दिले होते, ते याचमुळे. शिवाय दोरीला गाठ बसते. गाठ ही वेगळी वस्तू नाही. दोरी तीच असते, तिची अवस्था बदललेली असते, आणि त्या अवस्थेमुळे तिचे सगळे वागणे बदलते. वस्तूंची यादी करून जग समजून घेणाऱ्या प्रणालीला गाठ कुठे नोंदवायची हेच कळत नाही. जाळे म्हणजे तर शेकडो गाठींनी घडलेली दोरीच: पाण्याला जाऊ देणारी आणि माशाला अडवणारी. दोरीचे प्रकारही असावेत. सुंभ पाण्यावर तरंगतो, नायलॉनची दोरी बुडते. सुंभ हाताला खरखरीत लागतो, नायलॉन निसटतो. सुंभाचे तंतू तर आखूडच असतात, ते एकमेकांना धरून राहतात ते केवळ पिळामुळे; पिळाचा हा चिवटपणा ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ या म्हणीतही आला आहे.

दोरीची एक परीक्षा आहे, ती तुम्ही सर्वप्रथम घ्यावी असा माझा आग्रह आहे. होडीचा दोर खुंटाला नुसता धरून ठेवला तर लाटेबरोबर तो हातातून ओढला जातो. पण त्याचे दोन-तीन वेढे खुंटाभोवती घेतले की दहा वर्षांचे मूलही ती होडी रोखून धरते. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण ताणाला काही पटींनी कमी करते, आणि हा परिणाम गुणाकाराने वाढत जातो. दोरी आणि खुंट यांच्यातील घर्षणांक ०.३ धरला, तर तीन पूर्ण वेढ्यांनंतर हाताला जाणवणारा ताण होडीच्या ओढीच्या सुमारे २८५ पट कमी असतो. हे सूत्र गणितज्ञ ऑयलरच्या काळापासून ठाऊक आहे, पण तुमच्या इंजिनात, म्हणजे आभासी जगातल्या हालचालींचा हिशेब करणाऱ्या प्रोग्राममध्ये, ते लिहू नका. दोरीचे तुकडे, त्यांचा खुंटाला होणारा स्पर्श आणि घर्षण एवढेच लिहा, आणि २८५ च्या जवळचा आकडा आपोआप येतो का ते पाहा. तो आला तर तुमच्या जगात एक सत्य आहे, जे कोणी पेरलेले नाही आणि जे एजंट स्वतः शोधू शकतो.

हा आकडा सहजासहजी येत नाही, याचीही कल्पना असू द्या. संगणकावरील जग सलग वाहत नाही, ते लहान लहान पावलांनी पुढे सरकते. खेळांसाठी साधारणपणे सेकंदाचा साठावा भाग हे एक पाऊल मानतात. सेकंदाला सहा मीटर वेगाने झटका बसलेली दोरी एवढ्या वेळात दहा सेंटीमीटर पुढे जाते. तिची जाडी एक सेंटीमीटर असेल आणि खुंट आठ सेंटीमीटरांचा असेल, तर एका पावलात दोरी खुंटाच्या अलीकडे आणि पुढच्या पावलात पलीकडे असू शकते, आणि मधला स्पर्श इंजिनाला कळतच नाही. यंत्रमानवांसाठी वापरल्या जाणाऱ्या मुजोको या इंजिनात मूळ पाऊल ०.००२ सेकंदाचे असते, म्हणजे तीच दोरी एका पावलात सव्वा सेंटीमीटरच्या आत सरकते. मुजोको २०२२ पासून मुक्त स्रोत आहे, म्हणून तुम्हाला खर्चाची अडचण येणार नाही. पण पावले लहान केली की हिशेब वाढतो, आणि ताठ दोरीचे शंभर तुकडे एकमेकांना जोडून ठेवण्याची गणिते प्रत्येक पावलाला अनेक वेळा सोडवावी लागतात. बंदराऐवजी पन्नास मीटरांची पुळण घ्या असे मी म्हणतो त्यामागे हे व्यावहारिक कारणही आहे. पाण्यात मात्र काटकसर करता येते. उथळ पाण्याचा पृष्ठभाग केवळ जागोजागची उंची नोंदवणाऱ्या जाळीने दाखवला तरी होडी तरंगणे, लाट पुळणीवर चढणे, खळगा भरणे एवढे साधते. शिंतोड्यांची गरज नाही.

पावले मोठी ठेवण्याची नेमकी हीच चूक आम्ही माझ्या एका जुन्या प्रकल्पात केली होती. यंत्रहाताने दोर खुंटाला वेढून बांधायला शिकावे, असा तो प्रकल्प होता. दोन महिने यशाचा आलेख चढत होता आणि आम्ही समाधानी होतो. मग एका सहकाऱ्याने एक चित्रफीत अगदी संथ गतीने पाहिली, तेव्हा लक्षात आले की हात दोराला जोराचा झटका देऊन तो खुंटातून आरपार नेत होता. खुंटात अडकलेला दोर आमच्या मोजमापाला ‘बांधलेला’ दिसत होता. एजंट काहीही गैर करत नव्हता. आम्ही दिलेल्या जगाचे जे नियम होते, तेच त्याने प्रामाणिकपणे शिकले होते. तेव्हापासून मी प्रत्येक जगात दोन गोष्टी सतत मोजतो: एकूण ऊर्जा विनाकारण वाढते आहे का, आणि दोन घन वस्तू किती वेळा आणि किती खोल एकमेकींत शिरतात. यांतले काही बिघडले तर शिकवणे थांबवतो.

असे अनुभव मोठ्या प्रयोगशाळांनाही आले आहेत. ओपनएआय या कृत्रिम बुद्धीवर काम करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये होड्यांच्या शर्यतीच्या एका खेळात एजंट सोडला. शर्यत पुरी करण्याऐवजी त्याने एका बाजूच्या खाजणात गोल गोल फिरून पुन्हा पुन्हा उगवणारी तीच लक्ष्ये टिपत राहण्याचा मार्ग धरला. त्याच्या होडीने आग पकडली, ती इतर होड्यांवर आदळली, तरी त्याचे गुण माणसांच्या सरासरीपेक्षा सुमारे २० टक्के अधिक होते. २०१९ मधील त्यांच्या लपंडावाच्या प्रयोगात शोधणाऱ्या एजंटांनी पेटीवर चढून ती पेटीच चालवत भिंतीपलीकडे जाण्याची युक्ती शोधली, जी रचनाकारांना अपेक्षित नव्हती. पहिल्या उदाहरणात गुणांची व्याख्या चुकली होती, दुसऱ्यात जगाची फट सापडली होती, आणि दोन्ही बाबतीत जबाबदारी जग घडवणाऱ्यांची आहे असे मी मानतो.

मग एजंटाने काही करावे तरी कशासाठी? प्रत्येक कृतीला गुण देत बसलात तर तो गुणांपुरते शिकेल. त्याऐवजी कुतूहल द्यावे, म्हणजे जिथे आपला अंदाज चुकतो तिथे जाण्याची ओढ द्यावी, हा मार्ग गेल्या काही वर्षांत बराच वापरला गेला आहे. किनाऱ्यावर मात्र त्यात एक मोठा धोका आहे. फुटणाऱ्या लाटेचा फेस कधीच तंतोतंत सांगता येत नाही, म्हणून ज्या एजंटाला केवळ अंदाज चुकण्याचे आकर्षण आहे तो सगळे सोडून लाटांकडे पाहत बसेल. संशोधकांनी हीच अडचण बंद वाहिनीवर मुंग्या दाखवणाऱ्या दूरचित्रवाणी संचाचे उदाहरण देऊन मांडली आहे. त्यावरचा उपाय असा की, चूक किती झाली यापेक्षा चूक किती वेगाने कमी होते आहे, यावर ओढ ठरवावी. युर्गेन श्मिडहुबर १९९१ पासून हे मांडत आले आहेत. लाटेच्या फेसाविषयी चूक कमी होत नाही, म्हणून तो लवकरच कंटाळतो; गाठीविषयी ती हळूहळू कमी होते, म्हणून तो गाठीपाशी रेंगाळतो. लहान मुलांत मला अगदी हेच दिसते.

भरती-ओहोटी तुमच्या जगात असायलाच हवी, आणि ती शोभेसाठी नव्हे. शिकण्याच्या बहुतेक आभासी जगांत प्रत्येक डाव संपला की सगळे पूर्ववत केले जाते. तिथे काल केलेल्या कामाचा आज काही संबंध नसतो, त्यामुळे आठवण ठेवण्याचे आणि आधीपासून बेत करण्याचे कारणच उरत नाही. पुळणीवर जग कोणी पूर्ववत करत नाही. भरतीच्या रेषेखाली ठेवलेली वस्तू वाहून जाते, रेषेच्या वर ठेवलेली राहते, आणि ती रेषा रोज सरकते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्यामुळे भरतीची वेळ रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती असते. म्हणजे काल सुरक्षित असलेली जागा उद्या सुरक्षित असेलच असे नाही, पण ते सांगता येण्यासारखे आहे. नियम आहे, तो गुंतागुंतीचा आहे, आणि तो ओळखल्याने खरा फायदा होतो. सहा तासांच्या ओहोटीत जाळे दुरुस्त करून होडी पाण्यात लोटायची, तर कामाचा क्रम लावावाच लागतो. वेळ वेगाने पळवायला हरकत नाही, पण हाताच्या कामाला लागणारा वेळ आणि भरतीचा वेळ यांचे प्रमाण खरे ठेवा, नाहीतर घाई आणि उसंत या दोन्ही कल्पना त्या जगातून नाहीशा होतील. पहाटेच्या मतलई वाऱ्यालाही जागा द्या, तो फुकट मिळणारा दुसरा नियम आहे.

येथे एका नव्या पर्यायाविषयी लिहायला हवे, कारण तुमच्यापैकी एकाने तो सुचवला आहे. आता जग हाताने घडवण्याऐवजी चित्रफितींवरून शिकलेले न्यूरल नेटवर्कच (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय प्रणाली) ते क्षणाक्षणाला निर्माण करू शकते. गूगल डीपमाइंडने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलेली जिनी ३ ही प्रणाली शब्दांत केलेल्या वर्णनावरून ७२० पिक्सेल उंचीचे, सेकंदाला २४ चौकटींचे, फिरता येण्यासारखे जग तयार करते, आणि ते काही मिनिटे सुसंगत राहते. विविधतेच्या दृष्टीने हे मोठे साधन आहे आणि मी त्याचा आदर करतो. पण सकाळी मारलेली गाठ संध्याकाळी तशीच सापडली पाहिजे, आणि ती सैल मारली असेल तर मधल्या काळात सुटलेली सापडली पाहिजे. काही मिनिटांच्या सुसंगतीवर हे भागत नाही. आजच्या घडीला मी पाया भौतिक नियमांच्या इंजिनाचा ठेवीन आणि अशा प्रणालींचा उपयोग दृश्याला वेगवेगळी रूपे देण्यापुरता करीन.

एकटा एजंट माणसासारखा होणार नाही. आपली बरीचशी बुद्धी दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज घेण्यात खर्च होते. यासाठी आपल्या किनाऱ्यावर रापणीइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकत पुन्हा किनाऱ्याकडे यायचे, आणि मग दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक जणांनी मिळून ओढायची. दोन्ही बाजूंचा वेग सारखा ठेवावा लागतो, जाळ्याची खालची कड तळाशी लागलेली ठेवावी लागते, नाहीतर मासळी निसटते. एका टोकावरच्यांना दुसऱ्या टोकावरचा ताण जाणवत नाही, म्हणून हाका माराव्या लागतात. शेवटी मासळीचे वाटे होतात, आणि ज्याने नुसता हात लावल्याचे दाखवले त्यालाही वाटा द्यायचा का, हा प्रश्न उभा राहतो. आमच्या शेजारचे एक वृद्ध तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, सांगतात की, कोण खरे ओढतो ते दोराला हात लावल्याबरोबर कळते. सहकार्य, समन्वय, फसवणूक ओळखणे, न्याय, पत, हे सगळे एका दोराच्या दोन टोकांना बांधलेले आहे. डीपमाइंडने २०२१ मध्ये मेल्टिंग पॉट या नावाने सामाजिक परिस्थितींचा संच प्रसिद्ध केला. त्यात सामाईक साधनसंपत्ती आणि आयतोबा वृत्ती यांच्या कसोट्या आहेत, त्या अवश्य पाहा. त्यांचे जग चौकटींच्या पटावरचे आहे. रापणीत तीच कसोटी ताणाच्या रूपाने हाताला जाणवते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

भाषेविषयी तुम्ही विचारले आहे की, मोठ्या भाषा-प्रतिमानांनी केवळ मजकूर वाचून एवढे आत्मसात केले असताना आभासी जगाची गरज उरते का. प्रश्न रास्त आहे. या प्रतिमानांनी माझ्यासारख्यांच्या अनेक अटकळी चुकीच्या ठरवल्या, आणि आता कोऱ्या मनापासून सुरुवात करण्याचा हट्ट धरू नये असे माझे मत झाले आहे. पण शब्द कुठून आले ते पाहा. भांडे पालथे, उपडे, उताणे, कलते. दोर सैल, ढिला, ताठ, ताणलेला. वाळू भुसभुशीत, दमट, चिंब. गाठ बसली, आवळली, सुटली, अडकून बसली. हे भेद हातांनी केलेले आहेत. वाचून शिकलेली प्रणाली ‘सैल गाठ सुटते’ असे बरोबर लिहील, पण समोरची गाठ सुटण्याच्या बेतात आहे हे तिला ताणावरून ओळखता येते का, हे तिला असे जग दिल्याशिवाय कळणार नाही. म्हणून भाषा-प्रतिमान आणि पुळण यांची जोडी घाला. एखादी व्यक्ती त्या जगात येऊन मराठीत सांगेल, ‘तो दोर जरा ढिला सोड’, आणि एजंटाने ‘जरा’ म्हणजे किती हे होडीच्या हेलकाव्यावरून ठरवावे. मराठीतून अशा सूचना आणि त्यांना जोडलेल्या कृती यांची नोंद तुम्ही काटेकोरपणे ठेवलीत, तर माझ्या दृष्टीने ते तुमच्या प्रकल्पाचे सर्वांत टिकाऊ फळ असेल.

एजंटाला खरोखर समजले की तो नुसता सरावला, हे पाहण्यासाठी जगाचा एक भाग त्याच्यापासून शेवटपर्यंत झाकून ठेवा. शिकताना नायलॉनची दोरी द्या, परीक्षेत सुंभ द्या. शिकताना बादली द्या, परीक्षेत बादली काढून घ्या आणि करवंटी, झाप व फुटका डबा समोर ठेवून होडीतले पाणी उपसायला सांगा. शिकतानाच घर्षण, वजन, वाऱ्याचा जोर हे सगळे प्रत्येक वेळी थोडे थोडे बदलत ठेवा. ओपनएआयच्या यंत्रहाताने २०१९ मध्ये रुबिकचा घन फिरवून दाखवला, तो सिम्युलेटरमध्ये अशाच बदलत्या जगांत शिकून. त्या शिक्षणाला आभासी काळाची सुमारे १३,००० वर्षे लागली. हा आकडा मी तुम्हाला घाबरवण्यासाठी देत नाही. मूल काही वर्षांत जे शिकते त्याला यंत्राला इतका काळ लागत असेल, तर दोष यंत्राच्या शिकण्याच्या पद्धतीत किती आणि आपण दिलेल्या जगाच्या दारिद्र्यात किती, हा प्रश्न अजून खुला आहे, आणि पन्नास मीटरांच्या पुळणीवर त्याचा छोटासा का होईना पण प्रामाणिक तपास करता येईल. माणसाच्या पातळीची बुद्धी आभासी जगात वाढवून अजून कोणीही दाखवलेली नाही. तुमच्या अहवालात हे वाक्य पहिल्या पानावर असू द्या.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. पहिले दोन महिने फक्त दोरी आणि खुंट, एजंट नाही. मग वाळू आणि पाणी, त्यानंतर भरती. मग दोन बोटांचा का होईना पण स्पर्श जाणणारा एक हात, आणि शेवटी दुसरा एजंट. जाळे सर्वांत कठीण आहे, ते वर्षअखेरीस पूर्ण झाले नाही तरी चालेल. ड्रोन तूर्त बाजूला ठेवा. येत्या रविवारी ओहोटीच्या वेळी भाट्याला जा, सोबत दहा मीटर सुंभ, तेवढीच नायलॉनची दोरी आणि एक ताणकाटा न्या. पुळणीत रोवलेल्या एखाद्या मजबूत खुंटाला अर्धा, एक, दीड, दोन वेढे घेऊन दोन्ही टोकांचे ताण मोजा, कोरड्या दोरीचे आणि मग भिजवलेल्या दोरीचे. ते आकडे आणि तुमच्या इंजिनातून आलेले आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून मला पाठवा. पुढचे मी तो कागद पाहून सांगेन.